अर्धा दाणा

सॅस्काटूनची ती फेब्रुवारी. बाहेर उणे अडतीस,
खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ,
आणि माझ्या चिमटीत रात्रभर ओल्या टिपकागदावर फुगलेला
मोहरीच्या चुलतघराण्यातला एक काळा दाणा.

काम सोपं होतं, हात थरथरला नाही तर.
साल काढायची. आत दोन दलं:
बाहेरचं आतल्याला कवेत घेऊन झोपलेलं.
पात्यानं बाहेरचं उतरवायचं, ते यंत्राकडे.
आतलं, कोंबासकट, मातीकडे.
एक सांगेल, एक जगेल.
क्रमांक दोघांना एकच.

आर्नो टीसन खडू घेऊन शिकवायचे,
बाही नेहमी पांढरी.
"ओरिसिया, हिरव्या शेंगेत जुलैभर विणकाम चालतं.
पानातून उतरलेली साखर मोडायची,
दोन-दोन कार्बनचा टाका घालायचा.
सोळाला एक थांबा, अठराला दुसरा.
मग कुणी दोन हायड्रोजन काढून घेतं
आणि ताठ साखळी गुडघ्यात वाकते."
वाकते म्हणून थंडीत गोठत नाही,
हे मी वहीत दोनदा लिहिलं.
आमच्या घरात कुणी वाकणारं नव्हतं.

तीन साखळ्या एका खुंटीला,
असे कितीतरी झुबके एका थेंबात,
आणि थेंबाला प्रथिनाचं झिरझिरीत अस्तर,
शेजारचा थेंब शेजारीच राहावा म्हणून.
(अस्तराचं हे फार पुढे कळलं,
तोवर मला चष्म्याशिवाय दाणाही दिसेना.)

आमचं पीक मात्र अठराला थांबत नसे.
वीस. बावीस.
युद्धात या बावीसवाल्या तेलावर जहाजांची इंजिनं चालली,
आता ते ताटात यायचं होतं
आणि उंदरांची हृदयं तपासणारे लोक
मान हलवत होते.

यंत्र रोज राईचा पर्वत करायचं, अगदी खराखुरा:
कागदाच्या पट्टीवर शाईचे डोंगर,
सोळाची टेकडी, अठराचे सुळके,
आणि शेवटी, हमखास, बावीसचा कडा.
अकराशे सत्तेचाळीसला
कडा आला नाही.
पेन सरळ चालत राहिलं.
मला वाटलं शाई संपली.

कुंडी पाहिली तर रिकामी.
क्रमांकाची काडी तेवढी उभी.
यंत्रातला अर्धा केव्हाच वाफ झालेला,
मातीतला अर्धा मी मातीत घातलाच नव्हता.
टीसन काही बोलले नाहीत, हे जास्त वाईट.
दोघं गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन,
फरशीच्या फटी, टेबलाचे पाय,
मग माझ्या लोकरी स्वेटरच्या कोपरावर
पिवळट कोंड्यासारखं काहीतरी.

पेरलं. नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी एका दलाचं रोप,
एका खांद्यावर ओझं घेतल्यासारखं तिरपं.
अर्धी शिदोरी मी कापून नेलेली,
उरलेल्या अर्ध्यातले टाके ते उसवत होतं,
दोन-दोन, तेलाची परत साखर करत,
उजेड हाताला लागेपर्यंत.

त्याला सोळा शेंगा आल्या.

त्याच वर्षी ऑगस्टात एका रात्री
ओस्टॅपच्या शेतावर हिमकडाका पडला.
दाण्यांतली हिरवाई उतरायच्या आतच अडकली,
एलेव्हेटरवाल्यानं मूठभर दाणे चिरडून पाहिले, ट्रक परत पाठवला.
भाऊ म्हणाला, "तुझ्या त्या यंत्राला विचार
थंडीच्या रात्रीचा डोंगर कसा दिसतो."
मी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्याच्याच स्वयंपाकघरात
नव्या तेलात मी कांदा परतला,
बटाट्याच्या पिरोहींवर ओतला.
बाटलीवर पिवळं फूल छापलेलं,
क्रमांक अर्थातच नाही.
ओस्टॅपनं चार खाल्ल्या, पाचवी घेतली,
काटा थांबवून बराच वेळ विचार केला
आणि म्हणाला,
"याला चवच नाही गं."

मी हसले. बावीसवर एक सरळ रेघ,
तिची चव कशी असणार?